हिस्सा

पहिला अबाया मापापेक्षा चार बोटं लांब निघाला.
टॅक्सीच्या दारात त्याचं टोक अडकलं
आणि विमानतळापासून थेट बुरैदापर्यंत रस्ता झाडत आलं.
उतरताना गुलशेर ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला,
"बाजी, कपडा."
एवढंच. पण मी ते आईच्या आवाजात ऐकलं:
पदर सावर.

देश तसा वेश, फोनवर आत्या म्हणाली.
वेश जमतो गं, वेळ जमत नाही.
हातात अर्धा किलो भेंडी, तेवढ्यात बांग,
दिवे बंद, शटर खाली,
मी फुटपाथच्या कडेला एका इजिप्शियन बाईशेजारी,
दोघी गप्प,
तिच्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळताना बघत.
आता भेंडी असरनंतर आणते.
अंगवळणी पडतं म्हणतात ते असं:
आधी अंगाला कळतं, मनाला कोण विचारतं?

मनाला एकदा विचारलं होतं.
आई गेली तेव्हा पासपोर्ट हॉस्पिटलच्या कपाटात
आणि शिक्का मारणारा माणूस सुट्टीवर.
मी बाराव्याला पोचले.
हे समजून घ्या म्हणून सांगत नाही.
मीही घेतलेलं नाही.

बाकी शिकले.
कॉफीचा पेला मनगटातून दोनदा हलवायचा,
तेव्हाच ओतणारा हात थांबतो.
पहिल्या आठवड्यात हे कुठलं माहीत!
शेजारची उम्म तुर्की ओतत राहिली, मी पीत राहिले,
नऊ पेले,
घामाला वेलदोड्याचा वास येईपर्यंत.
रात्रभर छत मोजलं.

उम्म तुर्की, म्हणजे तुर्कीची आई.
तिचा नवरा माझ्या नवऱ्याला जिन्यात विचारायचा,
"घरचे कसे आहेत?"
म्हणजे मी कशी आहे.
हेमंत वर येऊन हसायचा. मला हसू येईना.
बाबा आईला, एकटीला, 'मंडळी' म्हणायचे
आणि ती त्यांना अहो.

मी एक्स-रे काढते.
ज्या बायका बाजारात समोर आल्या तर ओळखणार नाही
त्यांच्या फासळ्या मला ठाऊक आहेत,
आणि एखादीचा जुना, आपोआप जुळलेला सांधा,
ज्याबद्दल ती काही बोलत नाही.

तिसऱ्या वर्षी उम्म तुर्की त्या खोलीत आली.
खजुराची पेटी उतरवताना पडली होती,
उजवं मनगट ओढणीत बांधलेलं.
फॉर्मवर नाव: हिस्सा.
मी मोठ्यानं वाचलं.
आमच्याकडे हा शब्द शेताच्या वाटणीत येतो, म्हणाले,
भावाभावांच्या भांडणात.
"इथेही तोच," ती म्हणाली. "मी चौथी मुलगी.
बाप म्हणाला, हीच माझ्या वाट्याला."
आणि दुखऱ्या हातासकट इतकी हसली
की फोटो हलला. दुसरा काढावा लागला.

मग माझं नाव.
मधुरा, कार्डावर आहे तेच.
पण ते नवऱ्यानं दिलेलं, सांगितलं,
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून.
आणि त्याआधी?
शरयू.
"बदलतात? नाव?" तिचे डोळे मोठे झाले.
"आमच्यात बापाचं नाव बाईबरोबर कबरीपर्यंत जातं."
मला उत्तर सुचेना. मी प्लेट सरळ केली,
ती सरळच होती.
"शरायू," ती स्वतःशी म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली.
आई गेल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं.

परवा तिच्याकडे गेले. हात अजून प्लास्टरमध्ये,
म्हणून दल्ला मी उचलली, ती लांब चोचीची किटली,
डाव्या हातात,
आणि पेला उजव्यानं पुढे केला, तिनंच शिकवल्यासारखा.
तिनं डाव्या हातानं घेतला, माफी मागत,
कुणाची, कोण जाणे.
एक. दोन. चौथ्यानंतर मी थांबून पाहिलं.
प्लास्टर मांडीवर.
पेला माझ्यासमोर धरलेला, जराही न हलता.
मी ओतलं.